नंबर एकचे आठवडे मोजायचे, की घसरल्यावरचा खेळ बघायचा?

मेरी_वेदरकर

टेनिसच्या जागतिक क्रमवारीत जोकोविच ४२८ आठवडे नंबर एक. स्टेफी ग्राफ ३७७. नवरातिलोव्हा ३३२, सेरेना ३१९, फेडरर ३१०, त्यातले २३७ सलग. टेनिसच्या गप्पा निघाल्या की हे आकडे तोंडपाठ म्हणून दाखवले जातात आणि ज्याचे आठवडे जास्त तो मोठा, असं ठरवून विषय बंद होतो. मला हे पटत नाही. का पटत नाही ते जरा सविस्तर लिहितो, मग तुम्ही बोला.

आगासी घ्या. १९९५ मध्ये नंबर एक असलेला हा माणूस नोव्हेंबर १९९७ मध्ये १४१ वर होता. त्या क्रमांकावर मोठ्या स्पर्धांत थेट प्रवेश मिळत नाही. तीन ग्रँड स्लॅम घरात असताना तो चॅलेंजर स्पर्धांत उतरला, जिथं नवखी पोरं आणि उतारावरचे खेळाडू खेळतात. पुढच्या दीड-पावणेदोन वर्षांत तो परत वर आला. १९९९ च्या फ्रेंच ओपन फायनलला मेदवेदेवविरुद्ध पहिले दोन सेट गमावून पुढचे तीन घेतले (हा आंद्रेई मेदवेदेव, आत्ताचा दानिल नव्हे), आणि वर्षअखेरीस पुन्हा नंबर एक होता. २००३ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, परत एकदा.

दुसरं उदाहरण थॉमस मुस्टर. १९८९, फ्लोरिडातली ‘की बिस्केन’ची स्पर्धा. सेमीफायनल जिंकून रात्री तो गाडीच्या डिकीतून सामान काढत होता आणि दारू प्यायलेल्या एका चालकाची गाडी येऊन आदळली. डाव्या गुडघ्याचे लिगामेंट तुटले. फायनल न खेळताच हातची गेली. ऑपरेशननंतर त्यानं एक खास खुर्ची बनवून घेतली, जखमी पाय समोर लांब आधारावर ठेवता येईल अशी. ती कोर्टवर मांडायची, समोरून कोणीतरी बॉल द्यायचे आणि हा बसल्या जागेवरून फोरहँड-बॅकहँड मारायचा. पाय नाहीत तर नाहीत, कमरेच्या वरचं अंग तरी चालू राहायला हवं. १९९५ मध्ये फ्रेंच ओपन, फेब्रुवारी १९९६ मध्ये नंबर एक. आणि १९९७ मध्ये त्याच की बिस्केनची स्पर्धा जिंकला.

मुस्टरच्या खात्यात नंबर एकचे आठवडे जेमतेम सहा. आठवड्यांच्या यादीत तो कुठंतरी तळाशी सापडतो. मला मात्र कोणी विचारलं की टेनिसमधली मोठी कारकीर्द कोणती, तर पहिल्या पाचांत मी त्याचं नाव घेईन.

अँडी मरेबद्दल तर वेगळं लिहायची गरज नाही. खुब्यात धातू बसवून ऑक्टोबर २०१९ मध्ये अँटवर्पला सिंगल्सची स्पर्धा जिंकला.

तुमचं काय मत?

पेठेतला_गडी

भावा, लिवलंयस भारी, पण मुद्दा पटला न्हाई. कोल्हापूरच्या खासबागेत, कुस्तीच्या मैदानात, गदा एकालाच मिळत्या. पडून उठणं मोठंच हाय, त्यात वाद न्हाई, पण वर चढून तिथं टिकणं त्याहून मोठं हाय. सगळं जग तुझ्या मागं लागलंय, परत्येक जण तुला पाडायला कोर्टवर उतरतोय, आणि तू दर आठवड्याला तिथंच. सॅम्प्रासनं १९९३ ते १९९८ अशी सलग सहा वर्षं वर्षअखेरीस नंबर एक राखला. शेवटच्या वर्षी चिलीचा रिओस जवळ आला, तर हा अमेरिकेचा गडी घर सोडून वर्षाच्या शेवटी युरोपात आठवड्यामागं आठवडा खेळत ऱ्हायला, निव्वळ त्या नंबरसाठी. ह्याला काय किंमत न्हाई म्हणायचं काय?

आणि नदालचं बघ. एप्रिल २००५ ला पहिल्या दहात शिरला तो मार्च २०२३ पर्यंत भायेर गेलाच न्हाई. ९१२ आठवडे! दुखापती काय त्याला झाल्या नव्हत्या व्हय? पाय, गुडघं, मनगट, सगळं झालं. घसरून परत येण्यापेक्षा घसरायचंच न्हाई, ह्ये जास्त अवघड.

हिशेबी_माणूस

दोघांचेही मुद्दे वाचले. पण क्रमांक कसा तयार होतो हे आधी नीट समजून घ्यायला हवं, कारण तो खेळाडूच्या मोठेपणाचा दाखला म्हणून बनवलेलाच नाही. कोणाला कोणत्या स्पर्धेत घ्यायचं आणि कोणाला मानांकन द्यायचं, यासाठी तो आहे. १९७३ च्या ऑगस्टमध्ये एटीपीनं (पुरुष व्यावसायिक खेळाडूंची संघटना) संगणकावर पहिली यादी काढली ती याच कामासाठी. आधी स्पर्धेचे आयोजक आपल्या मर्जीनं खेळाडू निवडत. त्या पहिल्या यादीत नास्तासे वर होता.

आत्ताची पद्धत अशी. गेल्या ५२ आठवड्यांतले गुण धरायचे. ग्रँड स्लॅम विजेत्याला २०००, मास्टर्सला १०००, मग ५०० आणि २५० च्या स्पर्धा. मागच्या वर्षी ज्या आठवड्यात गुण कमावले तो आठवडा यंदा आला की ते गळून पडतात. म्हणजे गेल्या वर्षी ग्रँड स्लॅम जिंकलेला खेळाडू यंदा पहिल्या फेरीत हरला, तर हातात येतात १० गुण आणि जातात २०००, म्हणजे एका दिवसात १९९० चा तोटा. खेळ तितका वाईट झालेला असेलच असं नाही, पण क्रमांक धाडकन खाली येतो.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण २०२२ चं विम्बल्डन. रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना आयोजकांनी बंदी घातली म्हणून एटीपी आणि डब्ल्यूटीए (महिलांची संघटना) यांनी त्या स्पर्धेचे गुणच काढून घेतले. जोकोविच जिंकला. आधीच्या वर्षीचे त्याचे २००० गुण गळाले, नवे शून्य. विम्बल्डनचा विजेता सोमवारी सातव्या क्रमांकावर होता. आणि ज्याला स्पर्धेत पायही ठेवू दिला नव्हता तो दानिल मेदवेदेव नंबर एक राहिला. महिलांमध्ये रिबाकिना पहिलं ग्रँड स्लॅम जिंकली आणि होती तिथंच, २३ वर राहिली. त्या आठवड्याची यादी पाहून कोणी या तिघांची तुलना केली तर काय हाती लागेल?

जुन्या काळात तर याहून गुंतागुंत. अर्जेंटिनाच्या विलासनं १९७७ मध्ये १६ स्पर्धा जिंकल्या, त्यात फ्रेंच आणि यूएस ओपन. सलग ४६ सामने जिंकण्याची मालिका त्याच वर्षातली. तरी तो कधीच नंबर एक झाला नाही, कॉनर्स वर राहिला. तेव्हा एकूण गुणांना खेळलेल्या स्पर्धांनी भागून सरासरी काढत. विलास सतत खेळायचा, त्यामुळे सरासरी खाली. शिवाय यादी आतासारखी दर आठवड्याला निघत नसे. एदुआर्दो पुप्पो नावाच्या पत्रकारानं एका रुमानियन गणितज्ञाला सोबत घेऊन जुने निकाल पुन्हा तपासले आणि काही आठवडे विलासच वर होता असं मांडलं. एटीपीनं जुन्या याद्या बदलायला नकार दिला.

आणि गुलागाँग. ऑस्ट्रेलियाची इव्हॉन गुलागाँग १९७६ मध्ये दोन आठवडे नंबर एक होती, पण हिशेबाचे कागद अपुरे असल्यामुळे ते कळलं २००७ मध्ये. ३१ वर्षांनी! तोवर तिची कारकीर्द संपून जमाना झाला होता. ते दोन आठवडे माहीत नव्हते म्हणून तिचा खेळ कमी होता का?

सबब, मेरी_वेदरकर यांच्या बाजूनं माझं एक मत.

रंकाळा_ईस्ट

हिशेबी साहेब, फार उपयोगी माहिती. मी रिओसची आठवण काढतो. १९९८ मध्ये सहा आठवडे नंबर एक, दक्षिण अमेरिकेतून त्या जागेवर बसलेला पहिला पुरुष, आणि एकही ग्रँड स्लॅम नाही. काय हात होते त्याचे! पाठीनं दगा दिला आणि २८ व्या वर्षी थांबला. महिलांमध्ये दिनारा साफिना तशीच: २००९ मध्ये नंबर एक, पाठ गेली, २०११ नंतर कोर्टवर दिसली नाही. मुस्टरइतकी जिद्द असूनही शरीर परत येऊ देत नाही, हेही लक्षात घ्या. परत येणाऱ्यांचं कौतुक करताना न आलेल्यांवर अन्याय नको.

शाहूपुरीची_लेक

रंकाळा_ईस्ट यांच्या शेवटच्या वाक्यासाठी मुद्दाम लॉग-इन केलं.

मोनिका सेलेस. ३० एप्रिल १९९३, हॅम्बुर्ग. वय १९, ग्रँड स्लॅम आठ, नंबर एक. दोन गेमच्या मधल्या विश्रांतीला खुर्चीत बसली होती, स्टेफीच्या एका चाहत्यानं मागून येऊन पाठीत सुरा खुपसला. जखम काही आठवड्यांत भरली, पण ती कोर्टवर आली ऑगस्ट १९९५ मध्ये. मधल्या दोन वर्षांतले बहुतेक आठवडे स्टेफीच्या ३७७ मध्ये जमा आहेत. स्टेफीचा यात काडीचा दोष नाही, ती महान होतीच. पण तुम्ही जेव्हा ३७७ आणि सेलेसचे १७८ हे दोन आकडे शेजारी ठेवून या दोघींना तोलता, तेव्हा तो सुराही तुमच्या तागडीत असतो. सेलेस परत येऊन १९९६ ची ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली, नववं ग्रँड स्लॅम. त्यानंतर एकही नाही. मला ती १९९६ ची स्पर्धा आधीच्या आठांपेक्षा जास्त वाटते.

आणि ॲश बार्टी. मार्च २०२२, वय २५, नंबर एक, नुकतीच आपल्या घरची ऑस्ट्रेलियन ओपन जिंकलेली, आणि तिनं सांगितलं की बास. त्याआधीही एकदा टेनिस सोडून ती क्रिकेट खेळून आली होती. जस्टिन एनाँही २००८ मध्ये नंबर एक असतानाच थांबली. पेठेतला_गडी म्हणतात त्याप्रमाणे टिकणं हीच कसोटी धरली, तर या दोघींना कुठं बसवायचं? बार्टीनं आणखी तीन वर्षं रेटून दीडशे आठवडे वाढवले असते, तर तिची कारकीर्द जास्त चांगली ठरली असती असं मला वाटत नाही. तिला जे हवं होतं ते मिळालं आणि ती उठून घरी गेली. आपल्या पोरींना ही मोकळीक असते हे कोणीतरी सांगायला हवं.

लाल_माती_पालक

मी इथं फक्त वाचत असतो, पण या विषयावर लिहायला पाहिजे.

माझी मुलगी तेराची आहे, टेनिस खेळते. २०२२ मध्ये आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातली ऐश्वर्या जाधव विम्बल्डनच्या १४ वर्षांखालील स्पर्धेत खेळून आली, तेव्हापासून घरात तोच विषय. तुम्ही सगळे नंबर एकवर बोलताय, मला नंबर तीनशेबद्दल विचारायचं आहे. तिथं जगता येतं का?

आमचा आत्ताचा खर्च सांगतो. टॅलेंट सिरीज, चॅम्पियनशिप सिरीज, सुपर सिरीज अशा स्पर्धा चढत जायच्या. आज पुणे, पुढच्या आठवड्यात सोलापूर, मग छत्रपती संभाजीनगर. सोबत घरचं एक माणूस. राहणं, खाणं, एंट्री फी. पहिल्या फेरीत हरली तर दुपारीच परतीची गाडी. रॅकेटचं पॉलिस्टरचं गटिंग तुटत नाही, पण आठ-दहा दिवसांत मरतं, बॉल निघत नाही, आणि मग मनगट दुखायला लागतं म्हणून ते कापून नवं करायचं. घरी वहीत सगळं लिहितो. फिजिओ आणि मानसिक तयारी वगैरे आम्ही अजून सुरूच केलेलं नाही. एका ठिकाणी मोठी रक्कम आगाऊ भरून घेतली आणि मुलीला आठवड्यातून एकदा मुख्य कोच दिसायचे. ते सोडलं.

मला आगासीची गोष्ट खूप आवडली. पण १४१ वर आलेल्या आगासीच्या मागं आधीचे पैसे होते. जो आयुष्यभर १४१ वरच आहे त्याचं काय?

मेरी_वेदरकर

पालक दादा, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. मला जेवढं माहीत आहे तेवढं सांगतो.

व्यावसायिक टेनिसमधली खरी रेघ १०० च्या आसपास आहे. ग्रँड स्लॅमच्या पुरुष सिंगल्सचा ड्रॉ १२८ चा. त्यात १०४ जण क्रमांकावर थेट जातात, १६ क्वालिफाइंगमधून (आधीच्या पात्रता फेऱ्या जिंकून), ८ वाइल्ड कार्डवर (आयोजकांच्या खास निमंत्रणावर). ज्याचा नंबर ९५ आहे तो वर्षातून चार वेळा मेन ड्रॉमध्ये असतो आणि पहिल्या फेरीत हरला तरी वर्षाचा खर्च निघतो. १५० वाल्याला तीन क्वालिफाइंग सामने जिंकून आत यायचं. दोघांच्या खेळात फरक थोडा, मिळकतीत फार मोठा.

सुमित नागलचं उदाहरण आपल्या समोर आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये तो देशाचा नंबर एक सिंगल्स खेळाडू होता आणि त्यानं जाहीरपणे सांगितलं की बँकेत सुमारे ९०० युरो उरलेत. चार महिन्यांनी ऑस्ट्रेलियन ओपनला क्वालिफाइंगमधून आला आणि ३१ व्या मानांकित बुब्लिकला हरवलं. ग्रँड स्लॅम सिंगल्समध्ये मानांकित खेळाडूला भारतीयानं हरवणं ३५ वर्षांनी घडलं, त्याआधी १९८९ मध्ये रमेश कृष्णननं नंबर एक विलँडरला हरवलं होतं. त्या एका विजयानं नागलला १ लाख ८० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. फेब्रुवारीत चेन्नईचा चॅलेंजर जिंकून पहिल्या शंभरात, जुलैमध्ये ६८. एक सामना इकडचा तिकडे झाला असता तर? मला त्या विचारानं आजही धास्ती वाटते.

२०२४ पासून एटीपीनं किमान मिळकतीची योजना आणली: पहिल्या १०० जणांना वर्षाला ३ लाख डॉलरची हमी, १०१ ते १७५ ला दीड लाख, १७६ ते २५० ला ७५ हजार, हे २०२४ चे आकडे. कमाई कमी पडली तर फरक एटीपी भरते. ही पुरुषांची व्यवस्था आहे. अडीचशेच्या खाली मात्र ज्याचं त्यानं बघायचं.

आणि पैशाची ही अडचण कोल्हापूरला नवी नाही. खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीला निघाले तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. म्हणून ते कांस्यपदक आलं. सत्तर वर्षांनंतरही खेळाडूचा प्रवास कोणाच्या तरी घरावर कर्ज काढून व्हावा, ही गोष्ट मला मनापासून खुपते.

राजारामपुरी_नववी_गल्ली

पालक दादा, डबल्स आणि अमेरिकन कॉलेज या दोन वाटांचाही विचार करा.

बोपण्णा २००३ पासून व्यावसायिक खेळत होता. गुडघ्यातली कूर्चा झिजून गेलेली, वेदनाशामक गोळ्यांवर दिवस काढलेले. नंतर अय्यंगार पद्धतीचा योग सुरू केला, जी विद्या आपल्या पुण्यातून जगभर गेली, आणि गुडघे चालू राहिले. जानेवारी २०२४ मध्ये एब्डेनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन जिंकला आणि ४३ व्या वर्षी डबल्समध्ये नंबर एक झाला. इतक्या वयात तिथं पोचलेला तो पहिलाच. सानिया २००७ मध्ये सिंगल्सला २७ वर होती, मनगटाच्या दुखण्यामुळे सिंगल्स सोडलं, आणि एप्रिल २०१५ मध्ये डबल्सला नंबर एक. आपल्या बार्शीची प्रार्थना ठोंबरे २०१४ च्या आशियाई स्पर्धेत सानियाबरोबर कांस्य घेऊन आली आणि रिओ ऑलिंपिकलाही दोघी एकत्र खेळल्या. बार्शीहून रिओ! या मुलीबद्दल आपल्याकडे कितीसं बोललं जातं?

कॉलेजची वाट: सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठातून खेळला, दोनदा अमेरिकन विद्यापीठ विजेता झाला, मग ६२ पर्यंत गेला. ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठात खेळली आणि हांगझोच्या आशियाई स्पर्धेत बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकली. शिष्यवृत्तीवर शिक्षण होतं, कोर्ट-कोच-फिजिओ मिळतात, आणि २२ व्या वर्षी डिग्री हातात असते.

पेठेतला_गडी

पालक दादा, माझं वरचं मत आजून तेच हाय, टिकणारा मोठा. पण तुमच्या पोरीचं वाचून सांगू वाटलं.

आपला नेमबाज स्वप्निल कुसाळे, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. २०२४ ला पॅरिसमधनं कांस्य घेऊन आला. रेल्वेत टीसीची नोकरी करत करत. नेमबाज राही सरनोबत, तेजस्विनी सावंत, पोहणारा वीरधवल खाडे, सगळी हितलीच. कोल्हापुरात जिद्द कमी न्हाई. टेनिसला अडतंय कुठं, तर समोर खेळायला तुल्यबळ गडी न्हाई. तालमीत नवखं पोरगं रोज आपल्यापेक्षा तगड्याबर लढतंय, त्याला वस्ताद मुद्दाम थोरल्याच्या अंगावर घालतोय. टेनिसला ह्ये करायचं तर पुणं गाठाय लागतंय. मग खर्च तिथंच वाढतोय की.

म्हणून म्हणतो, मुलींच्यातच खेळवू नका. मोठ्या पोरांबर सेट खेळवा. हरू द्या.

शाहूपुरीची_लेक

पेठेतल्या दादांशी यावर शंभर टक्के सहमत. पालक दादा, अजून एक: मनगट दुखतंय असं लिहिलंत, ते अंगावर काढू नका. सानियाचं सिंगल्स मनगटानंच संपवलं. तेराव्या वर्षी संपूर्ण पॉलिस्टर कशाला? मऊ मल्टिफिलामेंट घाला, नाहीतर अर्धं-अर्धं, आणि गटिंगचं टेन्शन (ताण) दोन-तीन पाउंडांनी उतरवा. स्पिन थोडा कमी पडेल, पण हात वाचेल. आणि बार्टीचं तिला जरूर सांगा.

लाल_माती_पालक

सगळ्यांचे आभार. गटिंग याच आठवड्यात बदलतो, हाडांच्या डॉक्टरांनाही मनगट दाखवून घेतो. डबल्सचा विचार आम्ही कधी केलाच नव्हता. तिला नेटजवळ खेळायला आवडतं, पण सिंगल्समध्ये पुढं येऊ नको असं आम्हीच सांगत आलो.

मेरी_वेदरकर, तुमच्या ओळखीत सकाळी खेळणारी मोठी पोरं आहेत का?

मेरी_वेदरकर

आहेत. शिवाजी विद्यापीठाकडून खेळणारे दोघं आणि आमच्यातले तीन-चार जुने खेळाडू. रविवारी सकाळी साडेसहाला कोर्टवर पाणी मारून रोलर फिरवून झालेला असतो. व्यक्तिगत निरोप पाठवलाय, त्यात सगळं लिहिलंय. तिला डबल्सलाच घालू, नेटवर उभी करू. बॉलचा डबा आणू नका, आमच्याकडे असतो.

हिशेबी_माणूस, तुम्ही जुन्या सरासरीच्या पद्धतीबद्दल लिहिलंत ते अर्धंच राहिलं. ती कधी आणि का बदलली, यावर वेगळा धागा काढा. विलासवर मला अजून बरंच बोलायचं आहे.